वाटीचे वजन किती?

दिवाळीला तीन आठवडे उरले होते. बंगळुरूच्या एका सोसायटीतल्या दहा-बारा मराठी कुटुंबांनी ठरवले, की यंदा चकलीची भाजणी एकत्रच करायची. घरोघरी थोडे-थोडे भाजत बसण्यापेक्षा एकदाच सगळे धान्य आणायचे, भाजायचे, दळून आणायचे आणि वाटून घ्यायचे. जबाबदारी एका तरुण गृहिणीने आनंदाने उचलली. तिच्याकडे कराडच्या सासूबाईंनी लिहून दिलेली वही होती, आणि त्यांच्या चकलीची ख्याती साऱ्या नात्यागोत्यात होती.

वहीत लिहिले होते : तांदूळ चार वाट्या, चणाडाळ दोन वाट्या, उडीदडाळ एक वाटी, जाड पोहे एक वाटी, धणे अर्धी वाटी, जिरे अंदाजे.

सुनेने हिशेब केला. चार वाट्यांच्या जागी चार किलो तांदूळ. मग चणाडाळ दोन किलो, उडीदडाळ एक किलो, पोहे एक किलो, धणे अर्धा किलो. प्रमाण तेच, फक्त वाटीच्या जागी किलो. शाळेत शिकलेले गुणोत्तर आणि प्रमाण! यात चुकायचे काय?

पण चुकले. पहिल्याच घाण्याला चकली सोऱ्यातून अखंड पडेना. वळण घेता-घेता तिचे तुकडे होत होते. ज्या तळल्या गेल्या त्या काळपट दिसत होत्या आणि तोंडात धण्याचा चोथा येत होता. शेजारणींनी नाव ठेवले नाही, पण त्यांचे गप्प बसणे बोलण्यापेक्षा जड होते. साडेआठ किलो भाजणी, तिचे पैसे, दोन दिवसांचे श्रम. रात्री तिने कराडला फोन लावला.

"आई, वहीत काही लिहायचं राहिलंय का?"

"नाही गं. तू घातलंस काय-काय ते तर सांग."

तिने यादी वाचली. पोह्यांपाशी सासूबाईंनी तिला थांबवले. "एक किलो पोहे? अगं, किलोभर पोहे म्हणजे डबा भरून झाले! मी वाटीभर म्हटलं होतं."

खरी गोष्ट त्या एका वाक्यात होती. वाटी मोजते ती जागा. किलो मोजतो ते वजन. वाटीभर तांदूळ आणि वाटीभर पोहे सारखी जागा अडवतात, पण तागडीत टाकले तर तांदळाचे पारडे दणकन खाली जाते. समजा, वाटी २०० मिलिलिटरची आहे. तीत पाणी २०० ग्रॅम मावते. त्याच वाटीत तांदूळ सपाट भरले तर सुमारे १६५ ग्रॅम भरतात, कारण दाण्यांच्या मधे हवा राहते. जाड पोहे चपटे, वेडेवाकडे. ते एकमेकांवर रचून बसत नाहीत, मधे मोकळी जागाच जास्त. त्यामुळे वाटीभर पोह्यांचे वजन जेमतेम ७० ग्रॅम. धणे आतून पोकळ, त्यांचेही साधारण तेवढेच.

आता तिचा हिशेब पुन्हा करून पाहू. चार वाट्या तांदूळ म्हणजे ६६० ग्रॅम. त्याचे चार किलो करायचे तर सगळे जिन्नस सहा पटींनी वाढवायचे. मग एका वाटीचे पोहे होतात सुमारे सव्वाचारशे ग्रॅम, आणि अर्ध्या वाटीचे धणे दोनशे ग्रॅमच्या थोडे वर. तिने घातले होते एक किलो आणि अर्धा किलो, म्हणजे दोन्ही दुपटीहून जास्त. गंमत अशी, की डाळींचा हिशेब मात्र बरोबर आला होता. चणाडाळ दोन किलो आणि उडीदडाळ एक किलो हे प्रमाण योग्यच होते, कारण डाळी आणि तांदूळ आकारमानाच्या मानाने जवळपास सारखेच जड असतात. म्हणूनच अनेकींच्या लक्षात ही चूक वर्षानुवर्षे येत नाही. इडलीचे तांदूळ-उडीद वाटीने घ्या की किलोने, फारसा फरक पडत नाही. मग मनात बसते, की वाटी आणि किलो एकच. आणि एक दिवस पोहे येतात, खोबऱ्याचा कीस येतो, पीठ येते, आणि सारे बिघडते.

ती भाजणी निस्तरायचा मार्गही हिशेबातच होता. किलोभर पोहे घातलेच आहेत, तर त्यांना पुरे पडतील इतके तांदूळ हवेत साडेनऊ किलोंच्या आसपास. म्हणजे आणखी साडेपाच किलो तांदूळ, पावणेतीन किलो चणाडाळ आणि दीड किलोला थोडी कमी उडीदडाळ भाजून, दळून त्यात मिसळायची. भाजणी होणार अठरा किलो! सोसायटीने ते केलेही. त्या वर्षी बारा घरांची चकली तुळशीच्या लग्नापर्यंत पुरली असे म्हणतात.

पण अशी वेळ येऊच नये म्हणून काय करावे? पुस्तकातला तक्ता पाठ करण्यात फारसा अर्थ नाही, कारण तक्ता करणाऱ्याची वाटी तुमची वाटी नसते. घरातल्या वाट्या काढून बघा. आमटीची वाटी, नैवेद्याची वाटी, लग्नात आहेर आलेली जड बुडाची वाटी; शंभर मिलिलिटरपासून अडीचशेपर्यंत काहीही निघेल. तक्ता आपल्याच घरी, आपल्याच वाटीचा करावा. त्याला एक दुपार पुरते.

आधी वाटी ओळखायची. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीतून दूध वाटीने काठोकाठ मोजून पातेल्यात ओता. अडीच वाट्या झाल्या तर वाटी २०० मिलिलिटरची, तीनला थोडे उरले तर दीडशेची. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणाऱ्या मापाच्या झाकणानेही हे काम होते, फक्त वेळ जास्त लागतो. मग जिन्नस. घरात तोलकाटा नसेल तरी अडत नाही. रव्याची किलोची न फोडलेली पिशवी आणली की ती डब्यात भरण्यापूर्वी वाटीने मोजा. वाटी भरायची, सुरीच्या पाठीने वरचे सपाट करायचे, डब्यात ओतायची, मोजत जायचे. सात वाट्या भरून जराशी खाली उरली, तर हजाराला सातने भागायचे : वाटीभर रवा १४० ग्रॅम. असेच साखरेचे, मैद्याचे, साबुदाण्याचे. महिन्याचे सामान भरतानाच हे केले तर वेगळे कष्ट नाहीत. आकडे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावेत.

घरोघरचे आकडे थोडे मागेपुढे होतील, तरी अंदाज यावा म्हणून २०० मिलिलिटरच्या सपाट वाटीचे काही सांगता येतात. साखर सुमारे १७० ग्रॅम, रवा १४०, अख्खे गहू दीडशेला थोडे वर. शेंगदाणे सव्वाशे. सुक्या खोबऱ्याचा कीस हलक्या हाताने भरला तर ७० ग्रॅम. दूध आणि दही पाण्याहून किंचित जड, २०५ ग्रॅमच्या आसपास. तेल आणि पातळ केलेले तूप पाण्याहून हलके, सुमारे १८२. मध मात्र याच वाटीत २८० ग्रॅमपर्यंत जातो आणि बारीक मीठ २४० ग्रॅम.

यात पिठांची नावे मुद्दाम घेतली नाहीत. पीठ हा सर्वांत लबाड जिन्नस. कणीक चाळून, चमच्याने हलकेच वाटीत सोडली तर शंभर ग्रॅम भरते. तीच वाटी डब्यात खुपसून भरली आणि वर हाताने दाबली तर सव्वाशेच्या पुढे जाते. वाटी तीच, डबा तोच, हात तोच, आणि पाव भागाचा फरक! केक करणाऱ्या मुलींना हा अनुभव नेहमीचा आहे. कृती तीच, ओव्हन तोच, आणि एकदा केक हलका होतो तर एकदा विटेसारखा. दोष ओव्हनला दिला जातो. खरे तर मैदा एकदा चाळून मोजलेला असतो आणि एकदा मोजून चाळलेला. इंग्रजी पुस्तकातली कृती मराठीत उतरवताना "चाळलेला एक कप मैदा" आणि "एक कप मैदा, चाळून" यांतला फरक सहसा गळून पडतो. पहिल्यात आधी चाळायचे आणि मग मोजायचे, दुसऱ्यात उलट.

बेसनाचे याहून वेगळे. लाडवासाठी गिरणीतून दळून आणलेले जाडसर बेसन आणि पाकिटातले मऊसूत बेसन वाटीत सारखे बसत नाही. बेसनाचा लाडू बसका झाला, तूप सुटले अशी तक्रार करणाऱ्या अनेकजणींनी कृती बदललेली नसते, बेसन बदललेले असते. अशा जिन्नसांना वजनच बरे.

मग सगळेच वजनाने का करू नये? काही घरांत आता इलेक्ट्रॉनिक काटा आला आहे, त्याने काम सोपे झाले हे खरेच. पण वाटीला कमी लेखण्याचे कारण नाही. वाटीची कृती ही प्रमाणाची कृती असते. चौघांसाठी लहान वाटी, आठ जणांसाठी मोठी. प्रमाण आपोआप सांभाळले जाते, गुणाकार-भागाकार नको. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने मराठी घरांत जी जागा मिळवली, तिच्यामागे घरातल्या वाटी-चमच्याने मोजायच्या सोप्या रीतीचाही मोठा वाटा होता. परगावी एकट्या पडलेल्या नव्या नवरीकडे तागडी नसे, वाटी नक्की असे. अट एकच : एका कृतीत एकच वाटी, पहिल्या जिन्नसापासून शेवटच्यापर्यंत. निम्मे वाटीने आणि निम्मे किलोने घेतले की गडबड झालीच म्हणून समजा.

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा घ्या. सव्वाचे प्रमाण सर्वांना ठाऊक असते : रवा, साखर, तूप, सगळे सव्वा. घरी पूजा असते तेव्हा सव्वा वाटी रवा, सव्वा वाटी साखर, सव्वा वाटी तूप. मंडळाची पूजा असली की आचारी सव्वा किलो रवा, सव्वा किलो साखर, सव्वा किलो तूप मागवतो. दोन्ही सव्वाच, दोन्ही शास्त्राला धरून. पण खाणारे म्हणतात, "घरच्या प्रसादाची चव मंडळाच्या शिऱ्याला नाही." त्यात भक्तीचा भाग असेल तो असो. काट्याचा भाग असा : सव्वा वाटी रवा भरतो १७५ ग्रॅम, सव्वा वाटी साखर २१२ आणि सव्वा वाटी तूप जवळजवळ २२८. म्हणजे वाटीच्या शिऱ्यात रव्यापेक्षा साखर जास्त आणि तूप त्याहून जास्त. तीच चव सव्वा किलो रव्याला आणायची तर साखर दीड किलो आणि तूप एक किलो सहाशे ग्रॅम लागेल. आचाऱ्याने तूप मारले, असा संशय घेण्यापूर्वी हा हिशेब करून पाहावा. (तूप खरेच मारले असेल, तर तो प्रश्न वेगळा.)

वाटी आणि वजन यांचा हा घोळ काही आजचा नाही. आजीच्या काळी धान्य तोलून नव्हे, मापूनच मिळे. दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. शेरापर्यंतची प्रत्येक पायरी दुपटीची. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या बाईलाही हिशेब चुकत नसे. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची रीत होती. हाच दुपटीचा हिशेब दक्षिणेतही दिसतो : तमिळनाडूत दोन आळाक्कूंचे एक उळक्कू, दोन उळक्कूंचे एक उरी, दोन उरींची एक पडी. चेन्नई-तंजावरकडच्या मराठी घरांतल्या जुन्या वह्यांत पडी आणि उळक्कू लिहिलेले आढळले, तर ते याच जातीचे माप आहे हे ओळखावे. या सगळ्यांनी जागाच मोजली जाते. त्यांना ग्रॅममध्ये एकच आकडा नाही; ज्वारीचा वेगळा, पोह्यांचा वेगळा.

याच्या जोडीला तोलायचा शेर निराळा होता. तो ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. त्याचा पावशेर २३३ ग्रॅम, अच्छेर ४६६ ग्रॅम, आणि नवटाक ११७ ग्रॅमला थोडे कमी. मापायचा शेर आणि तोलायचा शेर, नाव एकच! वहीत नुसते 'शेर' लिहिले असेल तर कोणता ते जिन्नसावरून ओळखावे लागते. सहसा धान्याचा शेर मापाचा. तूप, साखर, सुकामेवा यांचा तोलाचा. १९५६च्या कायद्याने देशभर एकच मेट्रिक पद्धत आणायचे ठरले, १९५८च्या ऑक्टोबरपासून किलोची वजने बाजारात येऊ लागली आणि १९६२पर्यंत शेराची वजने हद्दपार झाली. पण जिभेवरून शेर गेला नाही. आजही भाजीवाल्याकडे "पावशेर भेंडी द्या" म्हटले जाते आणि तो पाव किलो, म्हणजे २५० ग्रॅम तोलतो. भाजीत सतरा ग्रॅमने काही अडत नाही. पण आजेसासूबाईंच्या वहीतल्या अनारशासाठी 'अच्छेर गूळ' वाचून अर्धा किलो गूळ घातला, तर तेहतीस-चौतीस ग्रॅम जास्त पडतो. अनारसा असा, की गूळ जास्त झाला तर तुपात हसतो आणि विरघळून जातो. वही खरी असते, आपले वाचन चुकते.

आणखी एक गोष्ट त्या वह्यांत कधीच लिहिलेली नसते. माप सपाट की शिगोशीग? धान्याला शीग लावायची ही जुनी रीत; काठाच्या वर धान्याचा डोंगर उभा राहिला पाहिजे, तो ओघळू लागला की माप पुरे. सपाट मापाने देणारा कंजूष. वाटी पसरट असेल तर शिगेत सहज चौथा-पाचवा हिस्सा जास्त मावतो. चमच्याचे तर विचारूच नका. लहान चमचा सपाट आणि लहान चमचा शीग लावून, यांत जवळजवळ दुपटीचा फरक पडू शकतो.

हा फरक नेहमी चवीपुरताच असतो असेही नाही. जुलाब होणाऱ्या मुलाला घरी साखर-मिठाचे पाणी करून देतात. त्याचे प्रमाण आहे एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. चमचा पाच मिलिलिटरचा आणि सपाट. इथे शीग चालत नाही. मीठ दुप्पट झाले तर आधीच पाणी गमावलेल्या मुलाला ते अपाय करते. म्हणून तयार पुडी मिळत असेल तर तीच वापरावी, आणि पुडीवर जेवढे पाणी सांगितले आहे तेवढेच मोजून घ्यावे, 'तांब्याभर' नव्हे. तसेच बाळाच्या औषधाचे. पाच मिलिलिटर म्हणजे औषधाबरोबर आलेल्या मापाचे पाच मिलिलिटर. घरातला चमचा तीनचाही असतो आणि सातचाही.

परदेशातल्या लेकीसुनांकडून येणाऱ्या कृतींत कप असतो. अमेरिकेत बोस्टनच्या पाकशाळेतल्या फॅनी फार्मर यांनी १८९६ साली आपल्या पुस्तकात सपाट कप आणि सपाट चमचा यांचा आग्रह धरला आणि तिथल्या घरांत तो रुजला. हा कप २४० मिलिलिटरच्या जवळपासचा. बाजारात मिळणाऱ्या मापाच्या कपांचा संचही बहुधा त्याच मापाचा असतो. ऑस्ट्रेलियात मोठा चमचा २० मिलिलिटरचा, इतरत्र १५चा. आणि भात शिजवायच्या विजेच्या कुकरबरोबर येणारा प्लॅस्टिकचा कप तर १८० मिलिलिटरचा, कारण ते जपानी माप. घरात तीन कप असले आणि केक कधी जमतो कधी नाही, तर आधी कप तपासावेत. चहाच्या कपाविषयी काहीच बोलू नये.

खरेदीच्या वेळीही वाटी-किलोचा हा खेळ खिशाला लागतो. तेल लिटरने घ्यायचे की किलोने? तेल पाण्याहून हलके, म्हणून एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे. ते सुमारे ९१० ते ९२० ग्रॅम भरते. एका दुकानात किलोचा भाव आणि दुसऱ्यात लिटरचा भाव पाहून स्वस्त-महाग ठरवले तर फसायला होते. शिवाय तेल तापले की पसरते. सोयाबीनचे एक लिटर तेल २१ अंश तापमानाला ९१९ ग्रॅम भरते, तर ६० अंशांना ८९२.६ ग्रॅमच. काही उत्पादक पिशवीवर लिटराच्या आकड्याशेजारी असे चढे तापमान छापत. ऑगस्ट २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्यांना बजावले, की तापमानाचा उल्लेख न करता आकारमान छापा, वजनही छापा आणि दोन्ही जुळले पाहिजेत. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ची मुदत दिली. पिशवीमागे सव्वीस ग्रॅम ही गोष्ट लहान वाटते, पण महिन्याला पाच पिशव्या आणणाऱ्या घरात वर्षाला दीड किलोहून जास्त तेल होते. तेव्हा पिशवी घेताना लिटरच्या आकड्यावर न थांबता त्याखालचे ग्रॅम वाचावेत आणि भाव ग्रॅमशी ताडून पाहावा.

पुन्हा त्या बंगळुरूच्या घरी. पुढच्या दिवाळीला सासूबाई स्वतःच आल्या. येताना रुमालात बांधून त्यांनी ती वाटी आणली होती. पितळेची, पसरट, एका बाजूला पोचा आलेली. त्यांच्या सासूबाईंकडून आलेली आणि कराडच्या घरी तांदळाच्या डब्यात कायम पडून असलेली. सुनेने त्या आधीच काट्यावर पाणी मोजून घेतले : १६५ ग्रॅम. म्हणजे २०० मिलिलिटरची धरून केलेला गेल्या वर्षीचा सुधारलेला हिशेबही पूर्ण बरोबर नव्हता, पण प्रमाण तेच राहत असल्याने चालून गेला, असे ती म्हणाली.

"काट्यावर परात ठेवते," ती सासूबाईंना म्हणाली, "तुम्ही नेहमीसारखं घाला. मी फक्त आकडे लिहिते."

सासूबाईंनी तांदळाची वाटी भरली, शिगोशीग. १६० ग्रॅम. चारही वाट्या तशाच, मिळून ६४०. चणाडाळीच्या दोन वाट्यांनाही शीग होती, ३१५ ग्रॅम. उडीदडाळ १६०. मग पोह्यांची पिशवी उघडली. वाटी पोह्यांत बुडवली, वर काढली आणि तळहाताने वरचे पोहे खाली पाडून वाटी अगदी सपाट केली. ५५ ग्रॅम. अर्धी वाटी धणे ३० ग्रॅम.

"आई, पोह्यांना शीग नाही लावली तुम्ही?"

"पोह्यांना कुठली शीग? सांडतात."

"आणि तांदळाला?"

"तांदळाला लावायचीच असते," सासूबाई म्हणाल्या. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

सुनेने वहीच्या त्याच पानावर, त्यांच्या अक्षराखाली, आकडे लिहिले. चार किलो तांदळाला पोहे सव्वाचारशे ग्रॅम नव्हे, साडेतीनशेच्या आत. धणे एकशे नव्वदच्या आत. मग 'जिरे अंदाजे' या शब्दांपाशी ती थांबली, आणि जिऱ्याचा डबा सासूबाईंच्या हातात देऊन तिने काटा पुन्हा शून्यावर आणला.